हजारी तीन की हजारी बारा?

भारतातल्या खेड्यांत मिरगीचे रुग्ण किती, हे शोधायला डॉक्टरांची पथके गेली चार दशके घरोघर हिंडली आहेत. त्यांच्या हाती आलेले आकडे एकाखाली एक लिहून पाहिले तर पहिली शंका आजाराबद्दल येत नाही, मोजणीबद्दल येते. काश्मीरमधल्या कुठार खोऱ्यात १९८० च्या दशकात सुमारे ६३ हजार लोकांची पाहणी झाली, तेव्हा हजारी अडीच रुग्ण निघाले. कर्नाटकातल्या यळंदूर तालुक्यात डॉ. के. एस. मणी यांच्या पथकाने सुमारे ६५ हजार लोकांची चौकशी केली. तिथे हजारी ४.६. केरळात २ लाख ३८ हजार लोकांच्या पाहणीत ४.९. वेल्लोर जिल्ह्यात ५० हजारांवर लोकांमध्ये ३.८. आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या मोठ्या पाहणीत डॉ. एम. गौरी-देवी व त्यांच्या सहकाऱ्यांना शहरात हजारी ५.७, तर आसपासच्या खेड्यांत तब्बल ११.९ रुग्ण सापडले. यळंदूर आणि बंगळूरची खेडी एकाच राज्यातली. दोहोंकडे अनुभवी न्यूरॉलॉजिस्ट, दोहोंकडे हजारो घरे पालथी घातलेली, आणि तरीही एका ठिकाणचा आकडा दुसऱ्याच्या अडीचपट. देशभरच्या पाहण्यांचा आढावा घेणारे अभ्यासक हजारी तीन ते बारा असा पट्टा देऊन मोकळे होतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण लोकसंख्येला, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या सुमारे सव्वासहा कोटींना, हा पट्टा लावला तर खालच्या टोकाला पावणेदोन-दोन लाख रुग्ण होतात आणि वरच्या टोकाला सात लाखांच्या पुढे. एवढ्या फरकावर औषधांची मागणी कोणत्या अधिकाऱ्याने नोंदवावी?

या गोंधळातून सुटायला सोपी वाट म्हणजे सरासरी काढणे. ती काढली गेलीही आहे. श्रीधरन आणि मूर्ती यांनी १९९९ मध्ये वीस पाहण्या एकत्र करून हजारी पाचच्या थोडा वर असा आकडा दिला, आणि तेव्हापासून ‘हजारी पाच’ हे आपल्याकडचे सरकारी-निमसरकारी उत्तर होऊन बसले. सरासरी चुकीची नाही. पण ती काढल्यावर मूळ आकडे वेगळे का आले, हे विचारायचे राहून जाते. आणि या विषयातला खरा मजकूर त्या फरकातच आहे. खेड्यातल्या मिरगीचा दर हजारी आकडा केवळ आजाराचे प्रमाण सांगत नाही. नव्याने आजारी पडलेल्यांतून बरे झालेले, मेलेले आणि लपवलेले वजा केल्यावर जे उरतात, त्यांचा तो आकडा असतो. यातली पहिली वजाबाकी आनंदाची, उरलेल्या दोन नाहीत. म्हणून आकडा लहान आला की हायसे वाटून घेणे धोक्याचे.

आधी व्याख्येचा भाग उरकून टाकू, कारण बराच फरक तिथेच पडतो. एकदा फिट आली म्हणजे मिरगी नव्हे. तापात लहान मुलाला येणारी आकडी, दारू अचानक सोडल्यावर येणारे झटके, साखर फार उतरल्याने आलेली बेशुद्धी ही मिरगी धरत नाहीत. असे तात्कालिक कारण नसताना, किमान चोवीस तासांच्या अंतराने, दोन वेळा फिट आली तर मिरगी, ही पाहण्यांमधली रूढ व्याख्या. २०१४ पासून मिरगीच्या अभ्यासकांच्या जागतिक संघटनेने एकाच फिटनंतरही, पुन्हा येण्याची शक्यता खूप असेल तर, निदान करण्याची मुभा दिली. पण घरोघरच्या पाहणीत ती वापरणे अवघड, कारण शक्यता ठरवायला तपासण्या लागतात. मग प्रश्न येतो ‘सध्याचे’ रुग्ण कोणाला म्हणायचे याचा. गेल्या पाच वर्षांत फिट आलेले किंवा औषध चालू असलेले, अशी एक रीत आहे. काहींनी दोनच वर्षे धरली. मुंबईच्या पारशी समाजाच्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आयुष्यात कधीही मिरगी झालेले हजारी ४.७ होते आणि सध्याचे ३.६. समाज तोच, डॉक्टर तेच, फक्त प्रश्नातली मुदत वेगळी, एवढ्यानेच आकडा चौथाईने उतरला. लहान गावांच्या पाहण्यांत योगायोगाचाही वाटा मोठा असतो. पाच हजार वस्तीच्या गावात हजारी पाचने पंचवीस रुग्ण होतात. पण तेवढ्याच प्रमाणाच्या दुसऱ्या गावात नुसत्या योगायोगाने पंधरा किंवा पस्तीसही सापडू शकतात, म्हणजे हजारी तीन किंवा सात. एका गावाच्या पाहणीवरून जिल्ह्याबद्दल बोलू नये, ते यासाठी.

व्याख्या आणि योगायोग वगळला तरी अंतर उरतेच, आणि तिथे लपवणुकीचा विषय येतो. पाहणी दोन टप्प्यांत होते. आधी प्रशिक्षित कार्यकर्ता किंवा कार्यकर्ती प्रश्नावली घेऊन घरात जाते. ज्यांच्याबद्दल संशय येतो त्यांना नंतर डॉक्टर तपासतात. दुसऱ्या टप्प्यात नको ती नावे गाळली जातात: चक्कर येऊन पडणारे, अंगात येणारे, मानसिक ताणातून झटके देणारे. पण पहिल्या टप्प्यात सुटलेले नाव परत यादीत घालणारा तिसरा टप्पा बहुतेक पाहण्यांत नसतो. त्यामुळे चूक दोन्ही बाजूंना सारखी होत नाही. जादा मोजलेले दुरुस्त होतात, सुटलेले सुटूनच जातात. प्रश्नाला उत्तर देतो तो घरातला कर्ता, नाहीतर दुपारी घरी असलेली सासू. ‘घरात कोणाला फेफरे येते का?’ असे विचारले तर लग्नाच्या मुलीच्या घरात उत्तर ठरलेले. ‘कोणी अचानक पडून हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला, जीभ चावली, कपड्यांत लघवी झाली, असे कधी झाले का?’ असे विचारले तर थोडे अधिक हाती लागते. आणि ज्या मिरगीत माणूस पडतच नाही, नुसता अर्धा मिनिट शून्यात बघतो, ओठ चाटतो, शर्टाची गुंडी चाळवतो, ती या दुसऱ्या प्रश्नालाही सापडत नाही. वर्गात अशा मुलाला शिक्षक लक्ष नाही म्हणून छडी देतात. घरचे त्याला धांदरट म्हणतात. तो कोणाच्याच यादीत नसतो.

ही तूट किती, हे केनियातल्या किलिफी जिल्ह्यात चांगले मोजले गेले. तिथे दीड लाखावर लोकांची पाहणी झाली आणि सक्रिय, झटक्यांच्या मिरगीचा दर हजारी २.९ आला. अभ्यासकांनी तिथे न थांबता दोन गोष्टींची दुरुस्ती केली: प्रश्नावली किती रुग्ण ओळखू शकते आणि टप्प्याटप्प्यांत किती लोक गळाले. दुरुस्तीनंतर आकडा ४.५ झाला. म्हणजे दर नऊ रुग्णांमागे तीन-चार पाहणीच्या जाळ्यातून निसटले होते, आणि तेही फक्त झटके येणाऱ्यांमधले. भारतीय पाहण्यांना तेवढीच दुरुस्ती आंधळेपणाने लावणे बरोबर नाही. भाषा वेगळी, प्रश्नावली वेगळी, घरे वेगळी. पण बंगळूर आणि यळंदूरच्या आकड्यांमधला फरक केवळ आजाराचा आहे असे मानण्याआधी ही दुरुस्ती डोळ्यांपुढे असायला हवी.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. भारतातल्या बहुतेक पाहण्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा थोडे कमी निघते. हे लपवणुकीचा पुरावा म्हणून सांगितले जाते, पण तसे मानायची गरज काय? पुरुष दुचाकीवरून पडतात, मारामाऱ्या करतात, दारू पितात. डोक्याची दुखापत त्यांना अधिक, म्हणून मिरगीही अधिक. आक्षेप खोटा नाही. पाश्चात्त्य देशांतही पुरुषांचे प्रमाण किंचित जास्त आढळते. पण आपल्याकडे लपवायला कारणही ठसठशीत होते. १९७६ च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी मिरगी वेडाच्या शेजारी बसवलेली होती आणि विवाहाला अडथळा मानली जात होती. ती तिथून १९९९ च्या दुरुस्तीने निघाली. कायद्याच्या पुस्तकातून शब्द खोडला गेला म्हणून स्थळ बघणाऱ्यांच्या मनातून तो गेला असे कोणी म्हणणार नाही. पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या संवेदना फाउंडेशनला मिरगी असलेल्यांसाठी वधूवर मेळावे भरवावे लागले, यातच काय ते आले. हे शहरातले, खेड्यात असा आधार शोधायला कुठे जायचे?

आता मृत्यूची वजाबाकी. ती कागदावर करून पाहता येते. यळंदूरच्या पाहणीत दरवर्षी लाखामागे सुमारे ४९ लोकांना मिरगी नव्याने जडत असल्याचे दिसले. गावातल्या लोकांचे सरासरी वय पंचवीस धरले, आणि धोका सर्व वयांत सारखा मानला, तर आजवर कधी ना कधी मिरगी झालेले लाखामागे बाराशेच्या घरात, म्हणजे हजारी बारा असायला हवेत. हिशोब ढोबळ आहे, कारण धोका बालपणी जास्त असतो. तो ध्यानात घेतला तर अपेक्षित संख्या आणखी वर जाते. प्रत्यक्षात सापडले हजारी ४.६. उरलेले कुठे गेले? बरेचसे खरोखर बरे झाले, हे मान्य करायला हवे. एक्वाडोरच्या डोंगरी खेड्यांतल्या मोठ्या पाहणीत, कधीही औषध न घेतलेल्या रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना वर्षभरात एकही फिट आलेली नव्हती. मिरगी जन्मभराची असते ही समजूत जितकी घट्ट तितकीच चुकीची. पण सगळी तूट बरे होण्याने भरून निघत नाही. चीनच्या ग्रामीण भागात फेनोबार्बिटोन हे औषध देणाऱ्या कार्यक्रमातल्या सुमारे अडीच हजार रुग्णांवर दोनेक वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांच्यातले मृत्यू त्याच वयाच्या इतरांच्या जवळपास चौपट निघाले, आणि त्यांत बुडून आणि अपघाताने झालेले मृत्यू लक्षणीय होते. हे लोक कार्यक्रमात नाव असलेले, औषध मिळणारे होते. कोलकात्याच्या पाहणीतही मृत्यूचे प्रमाण अडीचपटीच्या वर आले, आणि ते तर शहर. खेड्यात विहिरीवर पाणी शेंदताना, ओढ्यात म्हशी धुताना, चुलीपुढे भाकऱ्या थापताना फिट आली तर मृत्यूच्या नोंदीत ‘बुडून’ किंवा ‘भाजून’ लिहिले जाते. मिरगीच्या खात्यावर तो मृत्यू कधीच पडत नाही, पण मिरगीच्या आकड्यातून ते नाव मात्र कमी होते. तळ्याची पातळी उतरलेली दिसली तर पाणी पाटाने शेतात गेले की भगदाडातून वाहून गेले हे पातळी सांगत नाही, तसेच हे.

जगभरच्या आकड्यांशी ताळा करून पाहिला तर हेच दिसते. गरीब देशांत दरवर्षी नव्याने जडणाऱ्या मिरगीचे प्रमाण श्रीमंत देशांच्या पावणेदोन-दोनपट आहे: लाखामागे ८२ विरुद्ध ४५, असा अनेक पाहण्यांच्या संकलनातून आलेला मध्यम आकडा. गरीब देशांच्या ग्रामीण भागात सध्याच्या रुग्णांचे प्रमाणही सरासरीने हजारी बाराच्या पुढे सांगितले जाते, श्रीमंत देशांत पाच. मग भारतातली बहुतेक खेडी पाचच्या आसपास कशी? एक उत्तर असे की भारत आफ्रिकेच्या आणि लॅटिन अमेरिकेच्या मानाने खरोखर सुस्थितीत आहे. अंशतः खरे असेल. पण बंगळूरच्या पाहणीने दाखवले की मोजणी कसून केली तर भारतीय खेडेही त्या सरासरीला जाऊन भिडते. कोणत्या गावात प्रमाण खरेच कमी आहे आणि कोणत्या गावात फक्त मोजणी सैल झाली, हे निव्वळ आकडा बघून ओळखता येत नाही. त्यासाठी कारणांकडे वळावे लागते.

‘ग्रामीण’ हे मुळात कारणच नाही. श्रीधरन-मूर्तींच्या संकलनात शहर-खेड्यातला फरक ठळक निघाला नाही, त्यात नवल नाही. कारण केरळातले गाव, काश्मीरचे खोरे आणि वेल्लोरची वस्ती यांना जोडणारा धागा फक्त जनगणनेचा आहे. मिरगी घडते ती ठरावीक घटनांतून: बाळंतपण अडल्याने बाळाच्या मेंदूला झालेली इजा, मेंदूज्वर, डोक्याची दुखापत, पक्षाघात, आनुवंशिकता आणि एक किडा. हा शेवटचा घटक आपल्याकडे पुरेसा बोलला जात नाही. डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात गेलेला पट्टकृमी अंडी घालतो. ती विष्ठेतून बाहेर पडतात आणि उघड्यावरच्या शौचामुळे माती, पाणी, भाजीवर येतात. तीच अंडी पोटात गेली की त्यातून निघालेली अळी रक्तातून मेंदूत जाऊन पुटी करून बसते, आणि पुढे कधीतरी फिट येते. म्हणजे मांस खाणाऱ्याला होतो तो जंत; मेंदूतली पुटी होते ती अंडी गिळणाऱ्याला, मग तो कांदा-लसूणही न खाणारा का असेना. न धुतलेली कोथिंबीर आणि मुळा यांना आहाराचे सोवळे समजत नाही. १९८० च्या दशकात सीटी स्कॅनवर भारतीय रुग्णांत, विशेषतः मुलांत, एकच छोटा ठिपका दिसू लागला, तो क्षयाची गाठ समजून महिनोन् महिने क्षयाची औषधे दिली गेली. वेल्लोरच्या राजशेखर आणि चँडी यांनी असे ठिपके शस्त्रक्रियेने काढून तपासले तेव्हा बहुतेकांत हा किडा निघाला. त्याच वेल्लोर जिल्ह्याच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सक्रिय मिरगी असलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांमागे हेच कारण दिसले. हजारी ३.८ हा आकडा अगदी सौम्य वाटतो. त्यातले एकापेक्षा जास्त थेट संडासाच्या अभावाच्या खात्यावर आहेत, हे कळल्यावर तो सौम्य राहत नाही.

हे टाळता येते का, यालाही उत्तर आहे. होंडुरासमधल्या सालामा भागात लोकांना जंताची औषधे, आरोग्यशिक्षण आणि स्वच्छतेची जोड देणारा कार्यक्रम आठ वर्षे चालला. मिरगीच्या रुग्णांत या किड्यामुळे झालेल्यांचा वाटा सुमारे ३७ टक्क्यांवरून १४ वर आला. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला दक्षिण कर्नाटकातली गरम पाण्याची मिरगी. कढत पाणी तांब्याने भराभर डोक्यावर ओतून न्हाण्याची तिथली रीत. काहींना त्यातच फिट येते. रुग्णालयातल्या नोंदींत अशी मिरगी एकूण मिरगीच्या चारेक टक्के होती, यळंदूरच्या घराघरांत जवळपास सात टक्के. औषध लागेल न लागेल, पाणी कोमट घेणे हा पहिला उपाय. रुग्णालयात बसून मोजणाऱ्याला आणि गावात जाऊन मोजणाऱ्याला वेगळे आजार दिसतात, याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण.

राहता राहिला उपचारांचा प्रश्न, आणि तिथे तीन की बारा हा वाद बराचसा गळून पडतो. सपाटीवरचे प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजार लोकांसाठी असते. हजारी पाचने त्याच्या वाट्याला दीडशे रुग्ण येतात; आशा ताईच्या हजार वस्तीत पाच. रोज एकच गोळी धरली तरी त्या केंद्राला वर्षाला सुमारे ५५ हजार गोळ्या लागतील, दोन धरल्या तर एक लाख दहा हजार. ज्या केंद्रात मिरगीच्या नावाने पंधरा-वीस माणसे येतात, तिथे दर हजारी आकडा तीन असो वा बारा, निष्कर्ष एकच: बहुसंख्य रुग्ण दाराबाहेर आहेत. उपचारांविना राहिलेल्यांचे प्रमाण आपल्याकडे शहरी मध्यमवर्गात पाचात एक, तर काही खेड्यांत दहात नऊपर्यंत सांगितले गेले आहे. केरळात ते ३८ टक्के निघाले. मिरगी ज्या औषधांनी आटोक्यात येते त्यांत फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन ही जुनी, स्वस्त औषधे आहेत. यळंदूरमध्ये हीच दोन देऊन पाच वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्ण फिटमुक्त राहिले. ज्यांना उपचारांआधी फार फिट येऊन गेल्या नव्हत्या त्यांचे अधिक चांगले झाले. जुन्या औषधांनी सुस्ती येते, हिरड्या सुजतात, मुलांच्या अभ्यासावर परिणाम होतो, म्हणून ती गरिबांच्या माथी मारू नयेत, असे काही डॉक्टर म्हणतात. तक्रार योग्य आहे, आणि नवी औषधे केंद्रात पोचावीत हेही योग्य. पण ती पोचेपर्यंतचा पर्याय कांदा हुंगवणे हा असेल, तर सुस्ती आणणारी गोळी बरी.

मग मोजायचेच कशाला, असे कोणी विचारेल. औषधे पुरवा, लोक येतील तसे यादीत घ्या. यात तथ्य आहे; नेमका आकडा हाती येईपर्यंत औषधे थांबवणे हा शुद्ध वेळकाढूपणा ठरेल. पण मोजणी सोडून दिली तर दुसरी अडचण येते. कार्यक्रम चांगला चालला तर लपलेले रुग्ण पुढे येतात, बुडून-भाजून मरणारे वाचतात, आणि पहिली काही वर्षे दर हजारी आकडा वाढतो. जिल्हा बैठकीत तो आकडा कार्यक्रम फसल्याची खूण म्हणून वाचला जाईल, आणि आकडा खाली दाखवायचा दबाव ज्या परिचारिकेवर येईल ती नवी नावे लिहायचे थांबवेल. ते टाळायचे तर एकूण रुग्णसंख्येच्या जोडीला तीन रकाने हवेत: वर्षात नव्याने सुरू झालेले, त्यांत मेंदूज्वर, बाळंतपण, किडा आणि दुखापत यांचा वाटा किती, आणि यादीतल्यांपैकी कोण कशाने मेले. पुढच्या पाहणीत घरातल्या कर्त्याआधी शाळेतल्या बाईंना आणि माहेरच्या गावाला विचारले, तर लपवलेल्यांचा चौथा रकानाही आपोआप भरेल.